रूट कॅनालनंतरही दाढेत जंतू राहतात का?

प्रश्न (इंदूर): दोन वर्षांपूर्वी आईच्या खालच्या दाढेचे रूट कॅनाल झाले, आता पोहे चावतानाही ती गालावर हात धरते आणि हिरडीवर मोहरीएवढी पुळी आली आहे. नस काढल्यावर जंतू कसे?

उत्तर १: मुळांच्या बारीक फाट्यांत आणि डेंटिनच्या (दाताच्या आतल्या कठीण थराच्या) सूक्ष्म नलिकांत, जिथे दाढ आतून धुण्याचे जंतुनाशक, सोडियम हायपोक्लोराइट, नीट पोहोचत नाही, काही जंतू तग धरतात, एन्टेरोकोकस फीकॅलिस त्यांतला विशेष चिवट. कॅपच्या कडेने लाळ झिरपली, तर नवेही शिरतात.

उत्तर २: पुळी ही बहुधा पुवाची वाट असते. दाढेच्या आत रक्तपुरवठाच नसल्याने नुसत्या अँटिबायोटिकने भागत नाही, म्हणून कृपया गोळ्यांवर दिवस काढू नका. एक्स-रे काढून एंडोडॉन्टिस्टना (रूट कॅनालच्या तज्ज्ञ दंतवैद्यांना) दाखवा. पुष्कळदा रूट कॅनाल पुन्हा करून दाढ वाचते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे, उद्याच नेतो.