गुडघ्याचं लिगामेंट तुटलंय: ऑपरेशन लगेच करावं की थांबावं? मदत हवी आहे

मागचीरेघ

नमस्कार मंडळी,

वय ३४, आठवड्यातून तीनदा बॅडमिंटन खेळतो. एकोणीस दिवसांपूर्वी मागच्या रेघेवर उडी मारून स्मॅश मारला. उतरताना डावा पाय जमिनीला चिकटला आणि अंग तेवढं वळलं. कुणाचा धक्का लागला नाही की घसरलो नाही. आतून 'खट्ट' झालं, शेजारच्या कोर्टवरच्यानं मान वळवून बघितलं एवढं मोठ्यानं. दोन तासांत गुडघा असा सुजला की वाटी कुठे आहे तेच कळेना.

एक्स-रेमध्ये हाडं ठीक होती. 'लचक आहे, पट्टा बांधा, आराम करा' म्हणून घरी पाठवलं. दहाव्या दिवशी बाथरूममधून वळून बाहेर येताना गुडघा आपल्याआपण सटकला, दाराची कडी धरून कसाबसा उभा राहिलो. मग एमआरआय केला. एसीएल (गुडघ्याच्या मधोमध हाडांना बांधून ठेवणारं लिगामेंट) पूर्ण तुटलेलं, एमसीएलला (गुडघ्याच्या आतल्या बाजूचं लिगामेंट) दुसऱ्या श्रेणीची, म्हणजे अर्धवट तुटल्याची इजा, मेनिस्कस (सांध्यातली गादी) शाबूत.

पहिले सर्जन म्हणतात पुढच्याच आठवड्यात ऑपरेशन करू. दुसरे म्हणतात आधी तीन महिने व्यायाम, मग ठरवू. दोघेही अनुभवी, दोघांनीही घाई न करता तपासलं. सध्या काठीशिवाय चालतो, पण पाय पूर्ण सरळ होत नाही आणि जिना उतरताना भीती वाटते. थांबलो तर आणखी बिघडेल का? आणि बॅडमिंटन संपलं का? (हा खरा प्रश्न. बायकोला सांगू नका.)

उंटावरचा

मलाही असंच झालं होतं. गरम शेक द्या आणि कुणाकडून तरी दणकून चोळून घ्या, महिन्यात पळायला लागाल.

वाटीवाला

उंटावरचा, तुमचं बहुधा लचकलं असेल. तुटलेलं एसीएल चोळून जुळत नाही आणि ताज्या सुजेवर चोळणं तर नकोच.

मागचीरेघ, मी फिजिओथेरपिस्ट आहे. तुम्हाला तपासलेलं नाही, तेव्हा हे सल्ला म्हणून नको, समजून घ्यायला वाचा. एक्स-रेत लिगामेंट दिसतच नाही, त्यामुळे 'एक्स-रे नॉर्मल' याचा अर्थ फक्त हाड मोडलेलं नाही. दोन तासांत टम्म सूज म्हणजे बहुतेक वेळा सांध्यात रक्त साठलेलं असतं. शंका तिथेच यायला हवी होती. अशा वेळी हातानं केलेली तपासणी फार बोलकी असते. गुडघा किंचित वाकवून, एका हातानं मांडी धरून दुसऱ्यानं नडगी पुढे ओढायची. चांगल्या पायात ती टक्कन अडते. तुटलेल्यात नुसती येत राहते, अडकण निघालेल्या ड्रॉवरसारखी.

आता तुमची दोन लिगामेंटं. एमसीएल सांध्याच्या पोकळीबाहेर असतं, त्याला रक्तपुरवठा बरा मिळतो, त्यामुळे ब्रेस आणि व्यायामावर ते बहुतेक वेळा आपलं आपण भरून येतं. एसीएल सांध्याच्या ऐन मध्यात, तिथल्या द्रवात बुडालेलं. तुटलेल्या टोकांमध्ये रक्ताची गुठळी टिकत नाही, त्यामुळे ते क्वचितच आपण होऊन सांधतं. म्हणूनच ऑपरेशनमध्ये साधारणतः ते शिवत नाहीत, तुमच्याच मांडीचा किंवा वाटीखालचा टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) घेऊन नवीन बसवतात.

पण म्हणून सगळ्यांना ऑपरेशन लागतंच असं नाही. स्वीडनमध्ये १८ ते ३५ वयाच्या १२१ जणांवर केलेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. अर्ध्यांचं लवकर ऑपरेशन, बाकीच्यांना आधी व्यायाम आणि गरज पडली तर नंतर ऑपरेशन. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या गुडघ्यांत लक्षणीय फरक नव्हता. मात्र व्यायामाच्या गटातल्या साधारण निम्म्यांनी पाच वर्षांत ऑपरेशन करून घेतलंच. थोडक्यात, तुमचे दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असू शकतात.

मला खटकतंय ते वेगळंच: पाय पूर्ण सरळ होत नाही. आज रात्री पलंगावर पालथे झोपा, दोन्ही गुडघ्यांखालचा भाग पलंगाच्या कडेबाहेर लोंबू द्या आणि कुणालातरी दोन्ही टाचांच्या उंचीतला फरक पट्टीनं मोजायला सांगा. एक सेंटिमीटर म्हणजे ढोबळमानानं एक अंश. हा फरक जाईपर्यंत ऑपरेशनची घाई नको. आणि अचानक गुडघा अडकून सरळच होईना, तर वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. मेनिस्कसचा तुकडा अडकलेला असू शकतो. पोटरी दुखून सुजली तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

हळूहळूचालतेय

वाटीवाल्यांचं 'ऑपरेशनची घाई नको' हे वाक्य मी माझ्या गुडघ्यावर शिकले. दुखापतीनंतर बाराव्या दिवशी, सूज असताना, आखडलेल्या पायाचं ऑपरेशन करून घेतलं. लिगामेंट छान बसलं, पण पाय सरळ व्हायला साडेचार महिने गेले. घोट्याखाली उशी ठेवून गुडघा अधांतरी सोडून बसायचं, दिवसातून पाच वेळा. डोळ्यांतून पाणी यायचं.

दुसरं म्हणजे तिसऱ्या महिन्यात वाटतं की आपण बरे झालो. तिथेच फसगत होते, कारण नवीन टेंडन त्या सुमारास अजून कच्चाच असतो. मला फिजिओनं नऊ महिन्यांआधी कोर्टवर पाय ठेवू दिला नाही, त्यानंतरही एका पायावरच्या उड्या मोजून, चांगल्या पायाच्या नव्वद टक्के आल्यावरच. दहाव्या महिन्यात खेळले.

मागचीरेघ

फार फार धन्यवाद. टाचांचा फरक तीन सेंटिमीटर निघाला! मापणाऱ्या बायकोनं सगळा धागा वाचला, त्यामुळे बॅडमिंटनचं गुपितही फुटलं.

वाटीवाला, एक शंका. थांबायचं ठरवलं आणि मधल्या काळात गुडघा पुन्हा सटकला तर?

वाटीवाला

तर ते डॉक्टरांना लगेच सांगायचं आणि तारखेसह लिहून ठेवायचं. तुमचा निर्णय एमआरआयपेक्षा त्या वहीवर जास्त ठरेल. मांडीत ताकद आल्यावरही गुडघा सटकत असेल, किंवा वळणं-उड्यांचा खेळ सोडायचाच नसेल, तर पारडं ऑपरेशनकडे झुकतं. दर सटकण्यात मेनिस्कस चिरडायची भीती असते आणि तुमचा आज शाबूत आहे. तोवर कोर्ट बंद, वळताना आधी पाऊल फिरवा, मग अंग.

आजपासून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी घ्या आणि गुडघ्यानं ती खाली दाबा. वाटीच्या आतल्या बाजूचा, वरचा स्नायू बोटानं चाचपा. सुजेमुळे तो झोपी गेलेला असतो, सुरुवातीला हलणारही नाही. दहा सेकंद दाबायचं, सोडायचं. तीन सेंटिमीटरचे किती झाले ते पुढच्या रविवारी इथेच लिहा.