एमसीबी 16 ची असावी की 32 ची? वॅट, अँपिअर, युनिट यांचा गोंधळ

गोदाकाठचा_नवखा

नमस्कार. पाथर्डी फाट्याजवळच्या सदनिकेत आम्ही नुकतेच राहायला आलो आहोत. सकाळच्या घाईत गिझर, इंडक्शन शेगडी आणि इस्त्री एकाच वेळी चालू राहिली, की काही वेळाने बोर्डातली एक एमसीबी, म्हणजे जास्त प्रवाह झाला की आपोआप वीज तोडणारा खटका, पडते. तिच्यावर ‘सी 16’ असे छापलेले आहे. वायरमन म्हणतात की 16 ची काढून 32 ची बसवू, म्हणजे कटकट मिटेल. शेजारच्या काकांचे म्हणणे असे, की बिलावर मंजूर भार 3 किलोवॅटच आहे, तो महावितरणकडून वाढवून घ्यावा. मी वाणिज्य शाखेचा माणूस. गिझरवर वॅट आणि व्होल्ट, एमसीबीवर अँपिअर, बिलावर युनिट, यांपैकी कोणता आकडा कशाचे माप आहे आणि या दोघांपैकी कोणाचे ऐकावे, हे कोणी समजावून सांगेल का?

निवृत्त_वायरमन_सातपूर

काकांच्या सल्ल्याकडे नंतर वळू, पण 32 ची एमसीबी मात्र कोणत्याही परिस्थितीत बसवू देऊ नका.

व्होल्ट हे विजेच्या दाबाचे माप आहे आणि आपल्या घरगुती पुरवठ्यात फेज (वीज आणणारी तार) व न्यूट्रल (परत नेणारी तार) यांच्यामध्ये हा दाब 230 व्होल्ट धरलेला असतो. या दाबामुळे तारेतून जो प्रवाह वाहतो, तो अँपिअरमध्ये मोजतात. उपकरण किती वेगाने ऊर्जा खाते, ते वॅट सांगतात. गिझर आणि इस्त्रीसारख्या तापणाऱ्या उपकरणांत व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार केला की वॅट मिळतात. म्हणून वॅटला 230 ने भागले की प्रवाह कळतो.

तुमचा गिझर 2000 वॅटचा, इंडक्शन 1800 ची आणि इस्त्री 1000 ची धरली, तर एकूण 4800 वॅट होतात आणि प्रवाह जवळजवळ 21 अँपिअर भरतो. 16 ची एमसीबी 16 च्या वर गेल्याक्षणी पडत नाही. तिच्या आत दोन धातूंची जोडपट्टी असते. ती जास्तीच्या प्रवाहाने हळूहळू तापते, वाकते आणि खटका सोडते. मानकाप्रमाणे छापील आकड्याच्या 1.13 पट प्रवाहाला ती तासभर तग धरते आणि 1.45 पटीला तासाभराच्या आत पडलीच पाहिजे. तुमचा प्रवाह 1.3 पट आहे, म्हणूनच ती लगेच न पडता काही वेळाने पडते. शॉर्ट सर्किट झाले, तर तिच्यातली दुसरी यंत्रणा, म्हणजे चुंबकीय कॉइल, क्षणात काम करते. ‘सी’ या अक्षराचा अर्थ असा, की ही कॉइल 5 ते 10 पट प्रवाहाच्या दरम्यान खटका सोडते.

आता मुख्य मुद्दा. एमसीबीवरचा आकडा तुमच्या गरजेवरून ठरत नाही, तो भिंतीतल्या तारेवरून ठरतो. अशा लाइनला बहुधा 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची तार असते आणि पाइपमधून नेलेल्या त्या तारेला साधारण 20 अँपिअरच्या आसपास प्रवाह सोसतो. तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे 16 ऐवजी 32 अँपिअर वाहिले तर ती दुप्पट न होता चौपट होते. 32 ची एमसीबी अशा वेळी स्वस्थ बसून राहील आणि प्लास्टरच्या आत तारेचे आवरण वितळत जाईल. कटकट मिटते ती अशी! गिझर आणि स्वयंपाकघर एकाच लाइनवर का घेतले, हा प्रश्न खरे तर बांधकाम करणाऱ्यांना विचारायला हवा.

सिडकोची_शिक्षिका

युनिटचे मी सांगते, कारण आठवीच्या मुलांचाही गोंधळ नेमका इथेच होतो. वॅट हा वेग आहे आणि युनिट हा साठत गेलेला एकूण वापर आहे. 1000 वॅटचे उपकरण 1 तास चालले की 1 युनिट, म्हणजेच 1 किलोवॅट-तास, होते.

आपल्याकडच्या डिसेंबरातले उदाहरण घ्या. 15 लिटरच्या गिझरमधले पाणी 15 अंशांवरून 50 अंशांवर न्यायला सुमारे 0.6 युनिट लागते, म्हणजे 2000 वॅटच्या गिझरला साधारण 18 मिनिटे लागतात. 3000 वॅटचा गिझर हेच काम 12 मिनिटांत उरकेल, पण युनिट तेवढेच पडेल. ‘जास्त वॅटचा गिझर जास्त बिल आणतो’ ही समजूत म्हणूनच अपुरी आहे. बिल वाढते ते पाणी जास्त तापवल्याने किंवा गिझर विसरून चालू ठेवल्याने.

मंजूर भार म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती किलोवॅट वापरण्याची परवानगी तुम्हाला आहे, तो आकडा. तुमचे 4.8 किलोवॅट एकदम चालत असतील तर काकांचे म्हणणे नियमाला धरून आहे आणि तो अर्ज करायलाच हवा. मात्र त्याने एमसीबी पडणे थांबणार नाही, कारण भिंतीतली तार तीच राहील.

निफाडचा_बागायतदार

थोडे विषयाला जोडून. दाब नेहमी 230 असतो असे धरून चालू नये. डीपीपासून (ट्रान्सफॉर्मरपासून) लांब असलेल्या कनेक्शनला, ठिबकच्या नळीत शेवटच्या वेलीला मिळतो तसा, दाब कमीच मिळतो. 190 व्होल्टवर तुमचा 2000 वॅटचा गिझर जेमतेम 1365 वॅटचे काम करतो. पाणी उशिरा तापते, नुकसान काही नाही. मोटारीचे मात्र उलटे असते. विहिरीवरच्या मोटारीला पाणी तेवढेच उचलायचे असते, म्हणून दाब घसरला की ती जास्त अँपिअर ओढते आणि वाइंडिंग (आत गुंडाळलेली तार) तापते. थ्री फेजच्या मोटारीची एक फेज चालता चालता गेली, तर उरलेल्या दोन फेजवर सुमारे पावणेदोन पट प्रवाह येतो, आणि स्टार्टरमध्ये सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटार बंद करणारे उपकरण) नसेल तर गाठ थेट रिवायंडिंगवाल्याशी पडते. घरातल्या फ्रिजलाही याच कारणाने कमी दाब बाधतो.

गोदाकाठचा_नवखा

सर्वांचे मनापासून आभार. आणखी एकच शंका आहे. बोर्डात एमसीबींच्या शेजारी एक रुंद उपकरण आहे, त्यावर ‘40 ए, 30 एमए’ असे लिहिले असून ‘टी’ अक्षराचे एक छोटे बटण आहे. ही मुख्य एमसीबी समजायची का?

निवृत्त_वायरमन_सातपूर

नाही, ती आरसीसीबी आहे आणि तिचे काम वेगळे आहे. एमसीबी तारेला वाचवते, आरसीसीबी माणसाला. गिझरचा कॉइल फुटून पाण्यात वीज उतरली, तर अंगातून जाणारा प्रवाह फार तर काही दहा किंवा शंभर मिलिअँपिअर (अँपिअरचा हजारावा भाग म्हणजे मिलिअँपिअर) असतो. जीव घ्यायला तो पुरेसा आहे, पण 16 अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. आरसीसीबी फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परत आलेला प्रवाह सतत ताडून पाहते आणि 30 मिलिअँपिअरचा फरक पडण्यापूर्वीच किंवा पडताच पुरवठा तोडते. ओव्हरलोड मात्र ती अडवत नाही, म्हणून घरात दोन्ही लागतात. ‘टी’चे बटण महिन्यातून एकदा दाबा, खटका पडला नाही तर ती बदलून घ्या.

आणि तिच्या भरवशावर अर्थिंग सोडू नका. हिरवी तार गिझरच्या धातूच्या अंगाला नीट जोडलेली असेल, तर गळती जमिनीकडे जाते आणि कोणी नळाला हात लावायच्या आधीच खटका पडतो. थ्री पिन प्लगची जाड पिन लांबही असते ती याचसाठी, की आत जाताना अर्थ सर्वांत आधी जोडला जावा.

वायरमनला आता एवढेच सांगा, की बोर्डापासून गिझरसाठी 2.5 चौरस मिलिमीटरची वेगळी तार ओढून तिला स्वतंत्र 16 ची एमसीबी द्यायची आहे आणि स्वयंपाकघराची जुनी 16 ची आहे तशीच ठेवायची आहे. तोवर गिझर बंद केल्यावरच इस्त्री लावा.