उडत्या तबकड्यांची चौकशी हवाई दलाकडे द्यावी काय?

गोदाकाठ
नाशिकजवळच्या गंगापूर धरणावर दिसलेल्या दिव्यांच्या रांगेविषयी काल या चर्चामंचावर एका सदस्याने लिहिले की, अमेरिकेप्रमाणे आपल्या हवाई दलानेही नागरिकांच्या अशा तक्रारींसाठी स्वतंत्र कक्ष उघडावा. ते वाचून गप्प बसवले नाही. उडत्या तबकड्यांच्या चौकशीचा अमेरिकी हवाई दलाचा ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’ १९५२ ते १९६९ या काळात चालला, त्यात १२,६१८ नोंदी झाल्या आणि ७०१ अनुत्तरित राहिल्या, एवढे सांगून लोक थांबतात. पुढचे कोणी सांगत नाही. अमेरिकेचे यू-२ हे हेरविमान १९५५ पासून साठ हजार फुटांच्या वर उडू लागले, तेव्हा प्रवासी विमाने त्याच्या कितीतरी खाली असत. त्यामुळे जमिनीवर अंधार पडल्यानंतरही मावळतीचे ऊन त्याच्या पंखांवर पडे आणि ते पेटल्यासारखे दिसे; लोक ते उडती तबकडी समजून कळवत. काही प्रकरणांत चौकशी करणाऱ्यांना हे कारण कळलेले होते, पण पत्र पाठवणाऱ्या नागरिकाला ते सांगण्याची मुभा नव्हती. सीआयएच्याच नियतकालिकात १९९७ मध्ये हे नोंदवले गेले आहे. ज्या खात्याला स्वतःचे गुपित राखायचे आहे, त्याच्याकडून नागरिकाला खरे उत्तर कसे मिळणार?

ओझरकर
आपण सोयीचे तेवढेच घेतलेत. माझी सारी नोकरी विमानांच्या दुरुस्तीत गेली, म्हणून ठामपणे सांगतो की रडारची नोंद, उड्डाणांचे वेळापत्रक आणि सरावाची माहिती हाताशी नसेल, तर आकाशातल्या दिव्याचा उलगडा करणे अवघड असते, आणि हे सारे एकत्र केवळ हवाई दलाकडेच असते. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी इंफाळ विमानतळावर अनोळखी वस्तू दिसली तेव्हा उड्डाणे थांबवावी लागली आणि शोधासाठी राफेल विमाने पाठवावी लागली. ते काम कोणी हौशी दुर्बीणवाला करणार होता काय?

गोदाकाठ
शोध घेणे वेगळे आणि नागरिकाला उत्तर देणे वेगळे, हेच मी म्हणतो आहे. लडाख सीमेवर २०१२-१३ मध्ये जवानांना महिनोन्‌महिने तेजस्वी वस्तू दिसत होत्या, त्या चिनी टेहळणीच्या असाव्यात असा संशय होता. अखेर भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांना विचारले गेले, आणि ते शुक्र व गुरू असल्याचे निष्पन्न झाले. म्हणून नागरिकांच्या तक्रारी आधी खगोल अभ्यासकांनीच तपासाव्यात.

निफाडकर
तुमचे शुक्र आणि गुरू राहू द्या. आमच्या द्राक्षबागेवर घड भरण्याच्या दिवसांत रात्री ड्रोन घिरट्या घालत होता. तक्रार द्यायला गेलो तर ‘विमान असेल’ असे सांगून परत पाठवले, कागदसुद्धा घेतला नाही. चोरीची टेहळणी होती की जमिनीची मोजणी, हे आजवर कोणी सांगितलेले नाही.

सिन्नरकर
दादा, राग समजतो, परंतु २०२४ मध्ये मराठवाड्यात रात्रीच्या ड्रोनच्या वार्तांनी गावेच्या गावे जागत होती, हेही आठवा. अशा घबराटीत अनोळखी वाटसरूला मार बसतो.

निफाडकर
म्हणजे आम्ही अफवा पसरवतो, असे तुमचे म्हणणे आहे का? पंख्यांचा आवाज मी स्वतः ऐकला आहे, घरातल्या सर्वांनी ऐकला आहे. रात्रभर बागेत बसून राखण करणाऱ्याला घाबरट ठरवण्याआधी एकदा येथे येऊन बसा.

सिन्नरकर
तुम्हाला खोटे ठरवलेले नाही. मिशिगनमध्ये १९६६ साली अनेकांनी दिवे पाहिले, तेव्हा ब्लू बुकचे सल्लागार खगोलशास्त्रज्ञ हायनेक यांनी दलदलीतल्या वायूचे कारण पुढे केले आणि लोक खवळले. तेथील प्रतिनिधी जेराल्ड फोर्ड यांनी संसदेत चौकशीची मागणी केली. घाईचे उत्तर हे उत्तर न देण्याइतकेच अपमानकारक असते, हे मला मान्य आहे. परंतु म्हणून प्रत्येक ड्रोनमागे कट आहे, हे मान्य नाही.

ओझरकर
ड्रोनचा प्रश्न येथे आणून मूळ विषय भलतीकडे नेला जात आहे. त्यासाठी २०२१ चे ड्रोन नियम आहेत, आणि नकाशावर लाल दाखवलेल्या निर्बंधित क्षेत्रात परवानगीशिवाय उड्डाण करताच येत नाही.

निफाडकर
काका, नियम आहेत, पण ते मोडल्याची तक्रार कोणी घेत नाही, हाच माझा विषय आहे. देवळालीला तोफखान्याचे शिक्षण केंद्र, ओझरला विमानांचा कारखाना आणि धावपट्टी. अशा जिल्ह्यात रात्री काही अनोळखी उडते आणि विचारणारा कोणी नाही, ही काळजीची गोष्ट नाही का?

ओझरकर
काळजीची आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. तक्रार जिल्हा पातळीवर लिहून घ्यावी, तिच्यात वेळ, दिशा आणि क्षितिजापासूनची उंची नोंदवावी, आणि शुक्र, उपग्रहांची रांग, रॉकेटचे जळते अवशेष ही कारणे खगोल अभ्यासकांनी आधी वगळावीत, येथपर्यंत गोदाकाठ यांच्याशी माझे जुळते. २ एप्रिल २०२२ च्या रात्री चिनी रॉकेटचे अवशेष विदर्भात कोसळले, ते अशाच नोंदींतून लवकर ओळखता येतात. मात्र उरलेल्या प्रकरणांत रडारची नोंद बाहेर देण्यास माझा विरोध कायम आहे.

गोदाकाठ
नोंद देऊ नका, पण ‘आमच्याकडे उत्तर आहे, ते सांगता येत नाही’ एवढे तरी लेखी द्या. यू-२ च्या काळात तेवढेही दिले गेले नव्हते, माझा सारा आक्षेप त्यावर आहे.

ओझरकर
तेवढे लेखी दिले, तरी त्या रात्री तेथे काहीतरी होते हे शत्रूलाही कळते. त्यामुळे तेही मला मान्य नाही.