किल्लारीनंतर जन्मलेल्या मुलांवर ‘कमकुवत’ असा शिक्का कशासाठी?

मंजिरी:
३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपावरील कालच्या लेखात ‘आया घाबरल्या, म्हणून तेव्हा पोटात असलेली पिढीच कमकुवत निघाली’ असे ठोकून दिले आहे, आणि आधार दिला आहे तो कॅनडातील क्वेबेकमधील जानेवारी १९९८ च्या हिमवादळाच्या अभ्यासाचा. तो अभ्यास नेमके उलटे सांगतो. सुझान किंग यांच्या गटाने आईला बसलेला धक्का आणि तिचे प्रत्यक्ष हाल, म्हणजे वीज किती दिवस नव्हती, घर सोडावे लागले का, हे वेगवेगळे मोजले होते. ज्यांच्या आयांचे हाल जास्त झाले, त्या मुलांचा बुद्ध्यंक साडेपाचव्या वर्षी कमी भरला, तोही सर्वसाधारण मर्यादेतच. तेराव्या वर्षी डीएनएवरील मेथिलेशनच्या, म्हणजे जनुकांचे काम कमी-जास्त करणाऱ्या रासायनिक खुणाही हालांशीच जुळल्या. मग दोष आईच्या माथी का?

कुलकर्णी:
मेथिलेशनची तपासणी अवघ्या ३६ मुलांची झाली होती. शिवाय त्याच अभ्यासात साडेसहाव्या वर्षीची स्वमग्नतेसारखी लक्षणे हाल आणि आईचा मानसिक त्रास या दोहोंशी जोडलेली आढळली, हे आपण सोयीस्करपणे गाळलेत.

औसेकर:
हाल म्हणजे काय ते ऐका. माझी वहिनी पाच महिन्यांची गरोदर होती. विसर्जनाहून येऊन सगळे जेमतेम निजले होते, तोच पहाटे चारच्या सुमारास माळवद खाली आले. ती पत्र्याच्या शेडमध्ये बाळंत झाली. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की बाळाच्या झोळीवर ती ओले लुगडे टाकून ठेवी. पक्के घर फार उशिरा मिळाले, तेही शेतापासून लांब, आखीव रांगेत, जिथे ना गोठ्याला जागा होती ना जुना शेजार. तिथे पाणी आणायला जाणे हे ओल्या बाळंतिणीचे काम होते का? पुतणी आज परिचारिका आहे. तिला कमकुवत म्हणणाऱ्याने तिची एक रात्रपाळी करून दाखवावी.

कुलकर्णी:
त्यांच्याविषयी आदर आहे, परंतु एका मुलीवरून पिढीचा निष्कर्ष निघत नाही.

औसेकर:
मग तो लेखकाने कशावरून काढला? शेडमधल्या बायांना त्याने एकदा तरी विचारले का?

मंजिरी:
कुलकर्णी, स्वमग्नतेचा मुद्दा मान्य. पण तो त्रासही अशा शेडमध्येच वाढतो. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडच्या २०११ च्या पुरानंतर, ज्या गरोदर स्त्रियांना आधीपासून ओळखीच्या सुईणींची सलग देखभाल मिळाली, त्यांच्यावर ताणाचा परिणाम कमी झाला. म्हणजे मदतकार्यात काय केले जाते, यावर पुष्कळ अवलंबून आहे.

कुलकर्णी:
एवढ्यापुरते पटते. लेखकाने ‘पिढी’ हा शब्द काढावा, आणि आपण ‘नेमके उलटे’ हे काढावे.