दशांश चिन्हानंतरचे अंक सुटे वाचावेत की जोडून?

प्रश्न:
०.५ आणि ०.२५ यांपैकी मोठी संख्या कोणती, असे विचारल्यावर पाचवीत शिकणाऱ्या माझ्या मुलीने ०.२५ असे उत्तर दिले, कारण पंचवीस पाचापेक्षा मोठे असतात. घरी मीच तिला ‘शून्य पॉइंट पंचवीस’ असे वाचायला शिकवले होते. ३.२५ मराठीत नेमके कसे वाचावे, आणि ‘सव्वातीन’ म्हटले तर चूक ठरेल का?

पहिले उत्तर:
ताई, तुमच्या मुलीने ऐकलेल्या वाचनावरून तोच निष्कर्ष निघतो, म्हणून आधी वाचन बदलावे. ३.२५ हे ‘तीन दशांश चिन्ह दोन पाच’ असे वाचावे, कारण चिन्हानंतरचा २ दशांशस्थानी आणि ५ शतांशस्थानी आहे. अंक जोडून वाचायचे असतील, तर स्थानाचे नावही उच्चारलेच पाहिजे: ‘तीन पूर्णांक पंचवीस शतांश’. ०.५ म्हणजे ०.५०, अर्थात पन्नास शतांश. दोन्ही संख्या शतांशांत वाचल्या की पन्नास मोठे हे तिला आपोआप दिसेल. सुट्या वाचनाचा आणखी एक लाभ असा की, ‘पंचवीस’ या शब्दात पाच आधी ऐकू येतात आणि लिहिताना मात्र २ आधी येतो, त्यामुळे श्रुतलेखनात मुले ५२ लिहून बसतात. ‘दोन पाच’ म्हटल्यास हा घोटाळा होत नाही. सव्वातीन म्हणणे मुळीच चूक नाही, पाव म्हणजे ०.२५च, मात्र ३.२७ साठी आपल्याकडे असा शब्द नाही.

दुसरे उत्तर:
मी मुलांना रुपये-पैशांतून शिकवतो. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले, त्यामुळे १०.०५ म्हणजे दहा रुपये पाच पैसे आणि १०.५ म्हणजे दहा रुपये पन्नास पैसे, हा फरक त्यांना पटकन कळतो. मधले शून्य कधीही गाळू नये.

तिसरे उत्तर:
मी परिचारिका आहे. चिन्हाआधीचे शून्यही लिहावे आणि उच्चारावे, ही माझी कळकळीची विनंती आहे. औषधाची मात्रा नुसती .५ अशी लिहिली आणि टिंब पुसट उमटले, तर ती ५ वाचली जाते, म्हणजे दहापट.

चौथे उत्तर:
टिंब दिसले की दशांश असे मात्र मुलीला शिकवू नका. क्रिकेटमध्ये १८.४ षटके म्हणजे अठरा षटके आणि चार चेंडू, त्यामुळे आणखी तीन चेंडू टाकल्यावर १९.१ होतात. घड्याळातले ४.३० हे साडेचार असतात, पण दशांशात साडेचार लिहायचे तर ते ४.५ होतात.