शब्दचर्चा : एक ‘गाठ’ आणि रिपोर्टातले शब्द

प्रश्नकर्ती :
बाबांच्या छातीचा सीटी स्कॅन झाला. रिपोर्ट इंग्रजीत, आणि घरात तो समजावून सांगायचं काम माझ्याकडे. ‘नोड्यूल’ आलं, मी म्हटलं गाठ. ‘लीजन’ आलं, तीही गाठ. पुढे ‘मीडियास्टायनल नोड्स’ वाढलेले नाहीत, अशा अर्थाचं वाक्य होतं. मी बेधडक वाचून दाखवलं, “छातीच्या मधल्या भागातल्या गाठी वाढलेल्या नाहीत.” आईचा चेहरा उतरला. “म्हणजे आहेत तर! अजून वाढल्या नाहीत, इतकंच.”
बातमी चांगली होती, माझ्या मराठीनं ती वाईट केली. या शब्दांना मराठीत वेगवेगळे शब्द आहेत का? तोंडात बसणारे हवेत, परिभाषाकोशातले नकोत.

स्कॅन वाचणारा :
ताई, छातीचे स्कॅन वाचणं हा माझा रोजचा उद्योग आहे आणि ही गफलतही रोजचीच. नोड हा शरीराचा भाग आहे, तो प्रत्येकाला असतो. घसा बसला की जबड्याखाली जे टणक हाताला लागतं, तेच छातीच्या मधोमध, श्वासनलिकेच्या आजूबाजूलाही असतं. त्याची आखूड बाजू मोजतात. साधारण १० मिलिमीटरच्या वर गेली की ‘वाढलेला’ म्हणतात. आणि वाढतो तोही काही फक्त कॅन्सरमुळे नाही, क्षयामुळे किंवा साध्या संसर्गामुळेही वाढतो.
नोड्यूल मात्र तिथे एरवी नसतो. फुफ्फुसात दिसलेली गोलसर, भोवतालापेक्षा दाट जागा, ३० मिलिमीटरपर्यंतची. त्याहून मोठी असली की तिलाच आम्ही ‘मास’ म्हणतो. नाव बदलतं ते आकारामुळे, निदानामुळे नाही. अर्थात मास म्हटल्यावर कॅन्सरची शक्यता बरीच वाढते, हे खरं.
‘लीजन’ सगळ्यांत ढिला शब्द. काहीतरी वेगळं दिसतंय, एवढाच त्याचा अर्थ. जखमही लीजन आणि जुना व्रणही लीजन. त्याला गाठ कशाला म्हणायचं? ‘वेगळी दिसणारी जागा’ म्हणा.

शब्दवेडा :
इथे एक गंमत आहे. नोड आणि नोड्यूल दोन्ही लॅटिन ‘नोडस’मधून आले, म्हणजे गाठ, नोड्यूल ही छोटी गाठ. आपल्याकडेही तीच जोडी आहे. संस्कृत ‘ग्रन्थि’, तिची प्राकृतात ‘गंठि’ झाली आणि मराठीत ‘गाठ’. ‘ग्रंथी’ आणि ‘गाठ’ एकाच आईच्या लेकी, एक सोवळ्यातली, एक घरातली. मग वाटणी सोपी आहे: नोड ती ग्रंथी, नोड्यूल ती गाठ. ‘मधल्या भागातल्या रसग्रंथी वाढलेल्या नाहीत’ असं म्हटलं असतं तर आई दचकली नसती. ‘लसिकाग्रंथी’ पुस्तकात ठीक आहे, पण ऐकणारा त्यात लस शोधत बसतो.
एरवी गाठ हा शब्द काही भीतीचा नाही. लग्नगाठ, खूणगाठ, गाठभेट. धमकीचा एकच प्रयोग, ‘गाठ माझ्याशी आहे’. दवाखान्यात तेवढाच ऐकू येतो.

आणखी एकजण :
आमच्याकडे डॉक्टर ‘डाग’ म्हणाले होते. ‘फुफ्फुसावर डाग आहे.’ काकांनी विचारलं, औषधानं जाईल ना? त्यांच्या डोक्यात शर्टावरचा डाग.

स्कॅन वाचणारा :
‘डाग’ हा एक्स-रेच्या काळातला शब्द. एक्स-रेत सगळी छाती एका सपाट कागदावर उतरते, त्यामुळे जे दिसतं ते डागासारखंच. स्तनाग्राची सावलीसुद्धा कधी गाठीसारखी दिसते. म्हणून मला ‘सावली’ हा शब्द जास्त प्रामाणिक वाटतो: सावली आहे, कशाची ते अजून बघायचंय. सीटीत छातीचे मिलिमीटरभर जाडीचे काप बघता येतात, तिथे डाग म्हणण्याचं कारण उरत नाही.

प्रश्नकर्ती :
आता खरी अडचण. बाबांच्या रिपोर्टात आकार १४ मिलिमीटर, आणि पुढे ‘स्पिक्युलेटेड मार्जिन्स’. फोनमधल्या भाषांतरानं ‘काटेरी समास’ असं दिलं. हसू की रडू, कळेना.

शब्दवेडा :
समास! वहीचा की व्याकरणातला? इथे ‘मार्जिन’ म्हणजे कडा. आणि काट्यांपेक्षा ‘कुसळं’ जवळचं वाटतं. काटा जाड असतो, कुसळ बारीक, लांब आणि चिवट, गवतातून चालून आल्यावर धोतराला, पायजम्याला धरून बसतं ते.

स्कॅन वाचणारा :
कुसळ अगदी बरोबर. गाठीच्या कडेपासून बारीक रेषा भोवतालच्या फुफ्फुसात शिरलेल्या दिसतात. गुळगुळीत कडेपेक्षा ही कडा जास्त संशयास्पद, हे लपवण्यात अर्थ नाही. पण जुन्या संसर्गानंतर राहिलेल्या व्रणालाही कुसळं असू शकतात, म्हणून तुकडा काढून तपासल्याशिवाय कोणी शहाणा ‘कॅन्सर’ असं ठाम लिहीत नाही. उलट बाजूचे शब्दही असतात. गाठीत ठरावीक पद्धतीनं कॅल्शियम साचलेलं दिसलं, मधोमध किंवा पॉपकॉर्नसारखं, की आम्ही जरा सैलावतो. पॉपकॉर्नवाली बहुधा हॅमार्टोमा नावाची साधी गाठ असते.
आणखी एक शब्द लोकांना छळतो: ‘ग्राउंड ग्लास’. ग्राउंडचा जमिनीशी संबंध नाही, घासलेली काच.

शब्दवेडा :
दुधी काच! न्हाणीघराच्या खिडकीला असते ती.

स्कॅन वाचणारा :
हो, आणि व्याख्याही त्या काचेत आहे. फुफ्फुसाचा तेवढा भाग धुरकट होतो, पण मागच्या रक्तवाहिन्या त्यातून दिसत राहतात. त्या झाकल्या गेल्या की त्याला ‘कन्सॉलिडेशन’ म्हणतात. दुधी काचेचे पुष्कळ ठिपके संसर्गाचे असतात आणि काही महिन्यांत विरून जातात. टिकून राहिले तर लक्ष ठेवायचं, आणि दुधी भागाच्या आत घट्ट भाग तयार झाला तर जास्तच. दुधी काचेसारखे दिसणारे कॅन्सर सहसा संथ वाढतात. म्हणून ‘सहा महिन्यांनी परत या’ म्हणजे टाळाटाळ नव्हे.

प्रश्नकर्ती :
शेवटच्या ‘इम्प्रेशन’ला मी ‘निष्कर्ष’ म्हटलं. तिथे ‘सस्पिशस’ आहे आणि ‘क्लिनिकल कोरिलेशन’ सुचवलंय.

शब्दवेडा :
‘निष्कर्ष’ फार जड. त्यात प्रकरण संपल्याचा वास आहे. ‘एकंदर मत’ म्हणा. आणि ‘संशयित’ नको, तो पोलिसांकडचा. ‘शंका घेण्यासारखं’ पुरे.

स्कॅन वाचणारा :
सहमत. आमच्या भाषेत शंकेच्या पायऱ्या असतात: ‘इनडिटरमिनेट’ म्हणजे चित्रावरून ठरवता येत नाही, ‘सस्पिशस’ म्हणजे कॅन्सर असेल असं धरून पुढच्या तपासण्या करा. ‘क्लिनिकल कोरिलेशन’ म्हणजे मी फक्त चित्र पाहिलंय, माणूस नाही. त्याचा खोकला, वजन, धूम्रपान, जुना क्षय हे सगळं समोर बसलेल्या डॉक्टरांनी जुळवून बघावं. ‘अनरिमार्केबल’ दिसलं तर खुशाल हसा. त्याचं मराठी ‘काही विशेष नाही’.
‘स्टेबल’ म्हणजे ‘जैसे थे’, आणि ‘इंटरव्हल ग्रोथ’मध्ये मध्यंतर नाही, मागच्या स्कॅनपासून या स्कॅनपर्यंत झालेली वाढ. ही वाढ फसवी असते. ८ मिलिमीटरची गाठ १० झाली तर ऐकायला किरकोळ, पण गोळ्याचं घनफळ जवळपास दुप्पट झालेलं असतं. म्हणून जुना स्कॅन सोबत न्यायचा, नुसता रिपोर्ट नाही, सीडीसुद्धा.

आणखी एकजण :
मग लहान गाठींना थांबायला का सांगतात? माझी ५ मिलिमीटरची होती, काहीच केलं नाही.

स्कॅन वाचणारा :
योगायोगानं सापडलेल्या गाठींसाठी फ्लाइश्नर सोसायटी या छातीच्या स्कॅनतज्ज्ञांच्या संस्थेची २०१७ ची मार्गदर्शक सूत्रं आहेत, ३५ च्या पुढच्या वयासाठी; आधी कॅन्सर झालेल्यांना किंवा प्रतिकारशक्ती दबलेल्यांना ती लागू नाहीत. एकटी, घट्ट गाठ ६ मिलिमीटरच्या आत आणि धोका कमी असेल तर नेहमीचा पाठपुरावा नको. ६ ते ८ असेल तर ६ ते १२ महिन्यांनी सीटी. ८ च्या वर गेली तर ३ महिन्यांनी सीटी, किंवा पेट स्कॅन, किंवा सुईनं तुकडा काढणं, यांतलं काय ते माणूस बघून ठरवतात.
ताई, १४ मिलिमीटर आणि कुसळं म्हटल्यावर तुमचे डॉक्टर पेट सुचवतील असं वाटतं.

प्रश्नकर्ती :
सुचवलाय. पेटमध्ये ‘पेटतं’ म्हणतात ना? बाबांनीच हा विनोद केला.

स्कॅन वाचणारा :
बाबा खंबीर आहेत! पेटतं ते साखरेमुळे. किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली ग्लुकोजसारखी साखर देतात आणि जिथे पेशी ती जास्त ओढतात ती जागा चमकते. मेंदू नेहमीच चमकतो, मूत्राशयही, कारण ती साखर लघवीतून जाते. ‘एसयूव्ही’ हा त्या ओढीचा आकडा. टक्केवारी नव्हे, गुणही नव्हेत. ‘४ आलेत, कितीपैकी?’ हा प्रश्न मला दर आठवड्याला येतो. आकडा जास्त म्हणून कॅन्सरच असं नाही, क्षयाची गाठही झकास पेटते. आणि फार लहान गाठ किंवा संथ कॅन्सर न पेटताही बसू शकतो.

प्रश्नकर्ती :
काल रात्री आईला परत वाचून दाखवलं. “उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या खंडात १४ मिलिमीटरची एक गाठ. कडा कुसळांसारखी, म्हणून डॉक्टरांना कॅन्सरची शंका आहे. मधल्या रसग्रंथी नेहमीएवढ्याच. आता पेट, मग सुईनं तुकडा.”
आईनं बोटावर मोजलं. “म्हणजे गाठ एकच.”
“एकच.”
“मग सुई कधी आहे?”