घरच्या संगणकावर आपण कोणती ऑपरेटिंग सिस्टिम वापरता, आणि का?

कृष्णाकाठ:
नमस्कार. माझा घरचा संगणक २०१६ साली घेतलेला आहे. त्यात इंटेलचा सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क आहे. विंडोज १०चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११साठी साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (यंत्रातली सुरक्षेची एक सोय) लागत असल्यामुळे माझे यंत्र त्यात बसत नाही. दुकानदार म्हणतात, नवाच घ्या. पण कुरकुर न करता चालणारी वस्तू भंगारात काढणे जिवावर येते.

माझी कामे मोजकी आहेत: बँकेचे व्यवहार, पत्रव्यवहार आणि गावातल्या वाचनालयाचा वार्षिक अहवाल. अडचण या शेवटच्या कामात आहे. गेल्या पंधरा वर्षांतले बहुतेक अहवाल युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) नसलेल्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टंकलेले असून, तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा नुसता काला दिसतो. कोणती प्रणाली श्रेष्ठ, हा वाद मला नको आहे. आपण जी वापरता ती नेमक्या कोणत्या कामामुळे वापरता, एवढे सांगावे.

तांबडी माती:
विंडोज ७चा पाठिंबा १४ जानेवारी २०२० रोजी संपला, तेव्हा मी नेमका आपल्याच जागी उभा होतो. त्या वेळी लॅपटॉपवर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) घातले आणि आजही तेच वापरतो आहे. माझ्याकडे रॅम ४ जीबीच असल्यामुळे मी मिंटची हलकी, म्हणजे एक्सएफसीई आवृत्ती निवडली. आपल्या ८ जीबीवर नेहमीची सिनॅमन आवृत्तीही चालेल. मिंट २२ ही मालिका उबुंटू या दुसऱ्या लिनक्स प्रणालीच्या २४.०४ आवृत्तीवर बेतलेली असून तिला एप्रिल २०२९पर्यंत सुरक्षा अद्यतने मिळणार आहेत.

आता आपल्या फॉन्टविषयी. जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर साठवलेलेच नसते. साठवलेला असतो तो एखाद्या रोमन अक्षराचा किंवा चिन्हाचा क्रमांक, आणि त्या क्रमांकाच्या घरात फॉन्ट बनवणाऱ्याने 'क' किंवा अर्धा 'त' यांचे चित्र बसवलेले असते. त्यामुळे जुनी फाइल वाचायला विंडोज लागतेच असे नाही. फॉन्टची टीटीएफ फाइल लागते. ती लिनक्समध्ये आपल्या फोल्डरातल्या फॉन्टच्या जागी ठेवली की लिब्रेऑफिसमध्ये (वर्ड-एक्सेलसारखी कामे करणाऱ्या मोफत संचात) मजकूर बहुधा नीट दिसतो. मात्र त्या फॉन्टमध्ये नवा मजकूर टंकण्यासाठी जो कळफलकाचा प्रोग्राम असतो, तो विंडोजसाठीच लिहिलेला असतो. म्हणजे वाचन होईल, लेखन अडेल. नवा मजकूर युनिकोडमध्येच लिहावा, असे माझे स्पष्ट मत आहे. इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा प्रमाण कळफलक विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडे सारखाच असल्याने बोटांना नवे काही शिकावे लागत नाही: शिफ्ट दाबून जे, मग डी, मग तिरकी रेघ, की 'ऱ्य' तयार.

सगळे गोड आहे असे नाही. माझ्या प्रिंटरची छपाई पहिल्याच दिवशी सुरू झाली, पण त्याच यंत्रातला स्कॅनर आजतागायत चाललेला नाही, आणि मी कागदांचे फोटो मोबाइलने काढतो. म्हणून आधी पेनड्राइव्हवरून मिंट चालवून पाहावे. त्यात हार्ड डिस्कला हात लागत नाही आणि वायफाय, आवाज, छपाई यांची परीक्षा तासाभरात होते.

हिशेबनीस:
मी करसल्लागार आहे, आणि माझ्या घरी विंडोज ११ आहे. आवडीचा प्रश्नच येत नाही. टॅली, म्हणजे हिशेबाचा प्रोग्राम, विंडोजसाठीच बनते. विवरणपत्रांच्या एक्सेल फाइलींमध्ये जे मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) असतात, ते लिब्रेऑफिसमध्ये भरवशाने चालत नाहीत. डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनचे ड्रायव्हर (संगणकाला ते ओळखायला लावणारे प्रोग्राम) लिनक्ससाठी काही जणांकडून मिळतात; परंतु मुदतीच्या शेवटच्या दिवशी रात्री अकरा वाजता टोकन ओळखले गेले नाही, तर ग्राहकाला ड्रायव्हरची कथा ऐकवता येत नाही. वर्षातून एकदा स्वतःचे विवरणपत्र पोर्टलवर थेट भरणाऱ्याला यातले काहीच लागत नाही, हेही खरे. आपल्या वाचनालयाचा हिशेब टॅलीत ठेवत असाल, तर मात्र थांबून विचार करा.

घाई असेल तर आणखी एक गोष्ट: विंडोज १०साठी घरगुती वापरकर्त्यांना वाढीव सुरक्षा अद्यतनांची सोय १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत ठेवलेली आहे. नोंदणी सेटिंगमधल्या अपडेटच्या पानावरूनच होते. तेवढ्या अवधीत जुन्या फाइलींचे काय करायचे ते शांतपणे ठरवता येईल.

अक्षरजुळणी:
मॅक वापरतो, पुस्तकांच्या मांडणीसाठी. पडद्यावरचा रंग आणि छापील रंग यांचा मेळ लवकर बसतो आणि देवनागरी जोडाक्षरे सुबक दिसतात, ही दोन कारणे. परंतु आपल्या गरजेसाठी हा खर्च करावा असे मी म्हणणार नाही, शिवाय जुन्या फॉन्टचा कळफलक इथेही चालणार नाहीच.

कृष्णाकाठ:
सर्वांचे आभार. वाचनालयाचा हिशेब अजून वहीतच आहे, त्यामुळे टॅलीचा प्रश्न सुटला. रविवारी पेनड्राइव्हवरून मिंट चालवून पाहिले. वायफाय लगेच लागले, छापखाना म्हणजे आमचा लेझर प्रिंटरही चालला. जुने फॉन्ट नक्कल करून ठेवले आणि २०११चा अहवाल उघडला, तर देणगीदारांची यादी नावानिशी स्वच्छ दिसली. फक्त तक्त्यांच्या रेघा थोड्या सरकल्या होत्या. दुपारी जेवायला उठताना संगणक बंद केला आणि परतल्यावर सगळे फॉन्ट गायब! पेनड्राइव्हवरून चालवताना बदल रॅममध्येच राहतात, हे मला तेव्हा कळले.

त्यानंतर असे ठरवले आहे की, नवी एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, आणून तिच्यावर मिंट बसवायचे, आणि जुनी हार्ड डिस्क विंडोजसकट तशीच काढून कपाटात ठेवायची. जुन्या फॉन्टमध्ये एखादी दुरुस्ती करायची वेळ आलीच, तर ती जुनी डिस्क जोडून, इंटरनेटची तार काढून काम भागवता येईल.

एक शंका उरते. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे एक साधन वापरून पाहिले, तेव्हा 'शिक्षक'चे 'शक्षिक' झाले आणि 'मूर्ती'चा रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसला. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षरानंतर टंकला जात असे, त्याचाच हा घोळ दिसतो. पंधरा अहवाल हाताने तपासण्याखेरीज कुणाला दुसरा मार्ग सापडला आहे का?

तांबडी माती:
वेलांटी आणि रफार यांच्या चुका ठरावीक साच्यात होतात, म्हणून लिब्रेऑफिसच्या शोधा-व-बदला खिडकीत त्यांतल्या बऱ्याच एकगठ्ठा सुधारता येतात. विशेषनामे मात्र डोळ्यांनीच तपासावी लागतात. एका अहवालाची दोन-तीन पाने इथे चिकटवा, साचे काढायला मी मदत करतो. देणगीदारांची नावे तेवढी वगळा.